टाँग टेस्टर आणि आडवी वीज

वायरमनच्या पिशवीत एक चिमटा असतो, टाँग टेस्टर म्हणतात त्याला, आणि मला विचाराल तर विजेच्या सगळ्या वस्तूंमध्ये सगळ्यात भारी वस्तू तीच. जबडा उघडायचा, चालू वायर आत घ्यायची, जबडा मिटायचा, की आकडा हजर. वायर कापली नाही, सोलली नाही, तरी आतून किती अँपिअर चाललेत ते याला बाहेरून कळतं. वैद्याने नाडीला हात न लावता ताप सांगावा तसलं काहीतरी.

कारण करंट वाहायला लागला की वायरच्या भोवती गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चिमट्याचा जबडा ते गोळा करतो, आपल्याकडची वीज एसी असल्याने हे क्षेत्र सारखं उलटसुलट होत असतं, त्यामुळे आतल्या कॉइलमध्ये एक बारकासा करंट उठतो, तो मोजायचा की झालं. 1820 मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने चालू तारेजवळ होकायंत्र धरलं तेव्हा सुई तारेकडे ओढली गेली नाही की लांबही ढकलली गेली नाही, ती तारेला आडवी व्हायला निघाली. मला हा आडवेपणाच आवडतो. पुढे काही महिन्यांतच पॅरिसमध्ये अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की दोन शेजारच्या तारांत करंट एकाच दिशेने असेल तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि उलट असेल तर लांब पळतात.

आता गंमत बघा, मिक्सरची अख्खी कॉर्ड चिमट्यात घेतली तर मीटर शून्य दाखवतो! मिक्सर दणदणत असतो, चटणी वाटली जात असते आणि मीटर म्हणतो काहीच नाही. कॉर्डमधल्या फेजच्या वायरीतून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलच्या वायरीतून परत आला, दोघांची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. नाशिकच्या सातपूर, अंबडला कारखान्यात नवीन लागलेल्या पोरांची यावरून थट्टा होते म्हणे. पण याच शून्यावर घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी खटकी, चालते, गेलेल्या आणि आलेल्यात 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय असं समजून ती खटकन पडते. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी बसवून घ्या बाबा, हे मी सगळ्यांना सांगत फिरतो आणि सगळे मान डोलावून विसरतात.

अँपिअरने दाखवलेलं ते तारांचं एकमेकींना ढकलणं घरातल्या वायरींमध्ये इतकं किरकोळ असतं की कळतही नाही, दोन वायरी 2 मिलिमीटर अंतरावर आणि करंट 10 अँपिअर असेल तर मीटरभर लांबीवर साधारण एक ग्रॅम वजनाएवढं. पण जोर करंटच्या वर्गाने वाढतो, इथेच सगळा खेळ आहे. कारखान्याच्या पॅनलमध्ये तांब्याच्या बसबार, म्हणजे वायरीऐवजी जाड पट्ट्या, असतात, 10 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांत शॉर्टसर्किटने 20 हजार अँपिअर गेले तर मीटरमागे 80 किलोचा दणका बसतो, म्हणून त्या पट्ट्या इतक्या जवळजवळ सपोर्ट देऊन आवळलेल्या असतात. आधी मला वाटायचं शोभेला असेल.

निफाडकडे काकांची द्राक्षबाग आहे. मागे तिथली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, दुसरी बसवली, रात्री थ्री-फेज आल्यावर मोटर चालू केली तर आवाज बरोबर पण पाणी पाइपातून रडत रडत येतंय. काकांना वाटलं मोटर परत भरायला टाकावी लागणार, म्हणजे खर्च आला. वायरमन आला, म्हणाला, "काका, फेज उलटे लागलेत, मोटर उलटी फिरतेय." तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली, बास. तीन फेज एकामागून एक येतात तेव्हा मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो, दोन वायरी बदलल्या की क्षेत्राची फिरायची दिशाच बदलते. काका म्हणाले, "एवढंच होतं तर दोनशे कशाचे?" वायरमन म्हणाला, "कुठल्या दोन बदलायच्या त्याचे." हा शुद्ध बनाव, कारण कुठल्याही दोन बदलल्या तरी चालतं. मी गप्प बसलो, रात्रीचा तो आला होता हे काय कमी.