बोटीवाला

"बाबा, थांबा ना. हा तोच आहे, हार्वी वादळात बोट घेऊन फिरणारा."

लेकाला शाळेत सोडत होतो. 'काय ही सकाळी सकाळी कटकट' म्हणत गाणं बंद करायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

रॅपर ट्रे द ट्रुथ. आमच्या ह्यूस्टनचाच. घशात खडी भरल्यासारखा घोगरा आवाज. 2017च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा त्यालाच आधी बोटीनं बाहेर काढावं लागलं होतं. सुटलास ना बाबा, मग बस कुठेतरी कोरड्यात! (आम्ही तेच केलं, खोटं कशाला सांगू?) हा पठ्ठ्या बोट घेऊन परत त्याच पाण्यात. अनोळखी लोकांना दारातून उचलून आणत होता.

पुढे त्यानं मदतीसाठी माणसं जमवली, नाव ठेवलं 'रिलीफ गँग'. गँग म्हटलं की आम्ही देशी मंडळी गाडीच्या काचा वर करतो.

आणि त्याला हे काही 2017मध्ये अचानक सुचलेलं नाही. 2008मध्येच महापौर बिल व्हाइट यांनी त्याच्या नावाचा 'ट्रे डे' जाहीर केला होता. त्या दिवशी पोरांना दप्तरं, वह्या वाटतात. सतरा वर्षं या शहरात राहतोय, पण मला पत्ता नाही. बारा वर्षांच्या पोराला सगळं ठाऊक.

सिग्नलला त्यानं हळूच आवाज वाढवला. गाणं मला अजूनही आवडलेलं नाही, पण गप्प बसलो.

तुमच्या घरात 'बंद कर रे ते' म्हणून कोणाची गाणी बंद होतात?