लळिंग: एकेकाळी धुळं ज्याच्या हाताखाली होतं

मालेगावकडून आग्रा रोडनं येताना धुळं दिसायच्या आधी लळिंगचा किल्ला दिसतो. शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर, रस्त्याला अगदी खेटून. धुळेकराला एसटीच्या खिडकीतून तो दिसला की सीटखालची पिशवी ओढायला घ्यायची, एवढाच त्याचा उपयोग. वर चढून गेलेले धुळेकर मात्र कमीच भेटतात. या हिवाळ्यात मी गेलो.

पायथ्याच्या गावात महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. तिथून वाट निघते. ओट्यावर ऊन खात बसलेल्या एका बाबांनी हटकलंच, "वर काय देखाले जाई ऱ्हायनात भाऊ? दगडंच शेतस तठे." बाबांचं फारसं चुकलं नव्हतं. काटेरी झुडपं, पिवळं पडलेलं गवत, निसटणारी खडी, मग तटबंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि पडक्या इमारतींच्या भिंती. रायगड-राजगडाच्या अपेक्षेनं येणाऱ्याची निराशा ठरलेली. पण माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं, की इथे किल्ला का बांधला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गाळण्याची डोंगररांग पश्चिमेकडून येते आणि लळिंगपाशी संपत जाते. त्यापुढे उत्तरेला पांझरेचं सपाट खोरं आणि पार तापीपर्यंत मोकळं मैदान. दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानात जाणारी वाट या डोंगराच्या कुशीतूनच खाली उतरते. वर बसलेल्या माणसाला कोण आलं, किती आले, बैलांवर काय लादलंय, सगळं दिसणार. आजही पायथ्याशी हायवेचा टोलनाका आहे, याचं मला भारी हसू आलं. वसुलीची जागा शतकानुशतकं तीच!

फारुकी सुलतानांच्या काळात लळिंगचा खरा रुबाब होता. खानदेशात सत्ता उभी करणारा मलिक राजा १३९९ मध्ये वारला, तेव्हा थाळनेर धाकट्या मुलाकडे आणि लळिंग थोरल्या नासिर खानाकडे होतं. नासिर खानाची नजर आज मध्य प्रदेशात असलेल्या असीरगडावर होती, आणि तो होता आसा अहीर नावाच्या तिथल्या जमीनदाराकडे. शत्रू अंगावर येतायत, माझ्या बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्या, असा निरोप लळिंगहून गेला. आसानं भलेपणानं होकार दिला. डोल्या गडावर पोचल्या आणि आतून हत्यारबंद शिपाई उतरले. आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले. दगा दुसरीकडे झाला, पण तो शिजला याच डोंगरावर. पुढे नासिर खानानं बुऱ्हाणपूर वसवलं आणि कारभार तिकडे गेला. तरी १४३७ मध्ये बहमनी फौजेनं त्याला पळता भुई थोडी केली, तेव्हा तो लपायला आला लळिंगलाच, आणि त्याच वर्षी मेला.

त्या सगळ्या काळात धुळं काय होतं? लळिंग परगण्यातलं एक किरकोळ गाव. हुकूम डोंगरावरून यायचा आणि तो नदीकाठी पाळला जायचा. आज लळिंग ही धुळे तालुक्यातली एक ग्रामपंचायत आहे, हे ध्यानात घेतलं की ही उलथापालथ किती मोठी ते कळतं.

ती घडली १८०३ नंतर. त्या वर्षी होळकरी फौजांची लूट आणि दुष्काळ एकदम आले आणि धुळं ओस पडलं. दुसऱ्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी माणसं परत आणून गाव वसवलं. पुढे लळिंग आणि सोनगीर या दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. ते लळिंगला राहू शकले असते. सोनगीरलाही किल्ला होताच. त्यांनी ठाणं केलं धुळ्याला. माझ्या मते धुळ्याचं नशीब इथेच फिरलं, आणि त्याचं श्रेय आपण उगाच सगळं इंग्रजांना देतो. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१८ मध्ये खानदेशचं मुख्य ठिकाण म्हणून धुळं निवडलं, ते आधीच कारभाराचं गाव होतं म्हणून.

ब्रिग्जला ते दिसलं पाट आणि पांझरा यांच्यामध्ये, बागायतीनं वेढलेलं. १८१९ मध्ये ४०१ घरं, २५०९ माणसं. त्यानं घरांसाठी जागा फुकट दिल्या, बांधायला उचल दिली, लांबून कारागीर आणले. गल्ली नंबर अमुक, गल्ली नंबर तमुक असे आपले सरळ रेषेतले पत्ते त्या आखीव पेठेतले. डोंगरावर टाक्यातलं पाणी शिबंदीला पुरेल. बाजारपेठेला पांझरेचे पाट लागतात. लुटालूट थांबल्यावर उंचीला किंमत उरली नाही. २०११ च्या जनगणनेत धुळे शहर पावणेचार लाखांवर गेलं होतं.

लळिंगला आता लोक येतात ते पावसाळ्यात धबधब्यासाठी, आणि ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर. कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या कुरणातल्या या बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीत दरवर्षी इथे यात्रा भरते. निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, भीमगीतं, खानदेशभरातून आलेली माणसं. एका मुक्कामाची आठवण एवढी गर्दी खेचते, आणि फारुकींचा अख्खा किल्ला रिकामा!

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर न्या; वरच्या टाक्यांवर विसंबू नका. मार्च ते जून नावही काढू नका, खानदेशातलं ऊन आहे ते. उतरल्यावर हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी मिळते. "तिखट कमी" म्हणून सांगा, तरी घाम फुटणारच.