हात पसर, फोटो काढतोय

आमच्या झिपलाइनवर, म्हणजे दरीवर ताणलेल्या तारेला लटकून पलीकडे जायच्या खेळाला, येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो, "दादा, हा हुक तुटणार नाही ना?" त्या कॅरॅबिनरवर 22 किलोन्यूटन कोरलेलं असतं, म्हणजे दोन टनांहून जास्त. अख्खं कुटुंब टांगलं तरी त्याला काही होत नाही. वाऱ्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

तारेला मधे झोल असतो. जड माणूस त्या झोलातून सुसाट निघतो, त्याला ब्रेकने आवरावं लागतं. हलकं मूल समोरून वारा आला की लँडिंगच्या अलीकडेच थांबतं आणि घरंगळत मागे येऊन झोलात लटकतं. वजन जितकं घटतं तितकं वाऱ्याला अडणारं अंग घटत नाही ना! म्हणून वजनाला खालचीही मर्यादा असते. आमच्या तारेला 30 किलो.

त्या दिवशीची मुलगी काट्यावर 33 भरली. छातीसकट पूर्ण हार्नेस घातला. लहान पोरांची कंबर भरलेली नसते, नुसत्या कमरेच्या हार्नेसमधून ती उलटी झाली तर निसटू शकतात. बकल, हेल्मेटचा पट्टा, बॅकअप, सगळं दोनदा ओढून पाहिलं. "गुडघे पोटाशी, हात पट्ट्यावर," असं सांगितलं. बसलीही तशीच. सोडली, आणि मागून वडील ओरडले, "हात पसर, पाय पसर, फोटो काढतोय!"

पसरले. त्यात दरीतून वारा उठला. आमचं वारा मोजायचं यंत्र तेव्हाही शांतच होतं, कारण ते लाँचिंगला झाडांच्या आडोशाला बसवलंय. दुसरं लँडिंगला लावा म्हणून सांगून मी थकलो. सेल्फी पॉइंट मात्र लगेच झाला.

पोरगी झोलात लटकली. पलीकडून सहकारी हातमोजे चढवून, स्वतःची पुली आणि ओढायची दोरी लावून निघाला. तोवर माझं काम एकच, तिचे पाय हलते ठेवणं. हार्नेसमध्ये निपचित लटकलं की मांड्यांचे पट्टे रुततात, रक्त पायांत साचतं, माणसाची शुद्धही जाऊ शकते. मी ओरडलो, "सायकल चालवल्यासारखे पाय मार!" वडील त्याहून जोरात, "अजिबात हलू नकोस, पडशील!"

तिने बापाचं ऐकलं. कुठलंही पोर ऐकेल. त्यांना मी आधी नीट सांगितलं, मग दरडावलं, गृहस्थ ऐकेनात.

लँडिंगला आजी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. वॉकीटॉकीवरचं आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. पिशव्या टाकून त्या उठल्या, कठडा धरला आणि जागच्या जागी गुडघे वर घेत पाय मारायला लागल्या. मुलीचं तोंड तिकडे वळलं तशी तीही मारायला लागली. सहकाऱ्याने तिला स्वतःला जोडून घेतलं, पलीकडच्या पोरांनी दोरी ओढली, दहा मिनिटांच्या आत ती खाली उतरली. ट्रेनिंगमध्ये गाठी शिकवतात, दोऱ्या शिकवतात. तारेवरच्या पोराला दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर काय करायचं, हे कुणीच शिकवत नाही.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात मी लिहिलं : समोरचा वारा, पसरलेले हातपाय, वारामापक चुकीच्या जागी. मालक म्हणतात, खोडून 'कमी वजन' लिही. 33 किलो त्याच ओळीत लिहिलेले आहेत. मी अजून खोडलेलं नाही.