खापरं खुर्दची, नोंद बुद्रुकची : माझा अनुभव

जिल्ह्याच्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर, आमच्या गावात सापडलेल्या जुन्या खापरांच्या नोंदीत, गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ असं लिहिलं होतं. आमचं गाव खुर्द. नदीच्या अलीकडे खुर्द, पलीकडे बुद्रुक. ही एवढी दुरुस्ती करून घेताना माझी जी दमछाक झाली तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे. तुमच्या गावची एखादी वस्तू जिल्ह्याच्या संग्रहालयात असेल, तर तिची नोंद एकदा जाऊन बघाच.

आमच्या गावाबाहेर, नदीच्या कडेला पांढर आहे. राखेसारख्या भुरकट मातीचं टेकाड. ही माती शेतात टाकली की पीक चांगलं येतं म्हणून वर्षानुवर्षं तिथून गाड्या भरून जायच्या. मी शाळेत असताना एकदा जेसीबी लागला आणि आतून रांजणांचे तुकडे, काळ्या रेघांची लाल खापरं, गारेच्या दगडाच्या बारीक पाती, शंखाच्या बांगडीचे तुकडे असं बरंच काही बाहेर आलं. सरपंचांनी तहसीलला कळवलं, तलाठी आले, पंचनामा झाला, आणि वस्तू खोक्यांत भरून संग्रहालयात गेल्या. पुढे गावात त्याची कुणी फारशी आठवण काढली नाही.

त्या खापरांची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती जागतिक वारसा सप्ताहात. 19 ते 25 नोव्हेंबरला संग्रहालयाने शाळांसाठी आणि गावकऱ्यांसाठी कार्यक्रम ठेवला होता, आणि खरं सांगते, कार्यक्रम फार सुंदर होता. टेबलावर खापरं मांडून ठेवलेली. काचेआड नाही, हातात घेऊन बघायची. तिथल्या मार्गदर्शकांनी मुलांना खापराच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवायला सांगितलं. चाकावर घडवलेल्या भांड्याच्या गोल रेघा बोटाला लागतात. मग एक तुकडा नखाने वाजवून दाखवला. चांगला भाजलेला असला की टण्ण असा आवाज येतो. जोर्वे पद्धतीच्या भांड्यांची ही खूण. लाल अंग, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, त्रिकोण. आणि तोटीचं भांडं. इसवी सनापूर्वी साधारण 1400 ते 700 या काळात महाराष्ट्रातले शेतकरी हीच भांडी वापरत होते.

तिथेच वेबसाइटचा पत्ता मिळाला. घरी येऊन उघडली, गावाचं नाव टाकून शोधलं, आणि आमची खापरं दिसली. फोटो उत्तम, वर्णन नेमकं. खाली ‘प्राप्तिस्थान’ या रकान्यात बुद्रुक.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? माझं म्हणणं असं की पुरातत्त्वात सगळा जीव प्राप्तिस्थानातच असतो. खापर कुठल्या मातीतून आलं हे कळलं नाही तर उरतो तो नुसता भाजलेल्या मातीचा तुकडा. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, आणि आज एक अख्खी संस्कृती त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत खोदकाम केलं, म्हणून तिथली घरं, तिथली पिकं, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुलं, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. उद्या एखादा संशोधक आमच्या खापरांवरून सर्वेक्षणाला निघाला तर तो पलीकडच्या गावात जाईल, तिथे त्याला काही मिळणार नाही, आणि आमची पांढर मात्र नांगराखाली झिजत राहील. मला चीड आली ती यामुळे.

दुरुस्तीसाठी पहिला फोन संग्रहालयाला केला. “मॅडम, वेबसाइटचं आमच्याकडे नाही, एजन्सीकडे आहे.” एजन्सीने सांगितलं, आम्हाला एक्सेलची फाइल जशी आली तशी आम्ही चढवली. पुन्हा संग्रहालय. फाइल नोंदवहीवरून केलेली, नोंदवहीत बुद्रुकच आहे, आणि नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. नियम योग्यच आहे. दाखल नोंदवहीत कुणी सहज फेरफार करू शकला तर त्या वहीवर भरवसा कुणी ठेवायचा? पण मग चुकीची नोंद बरोबर कशी करायची, हे काउंटरवरचं कुणीच सांगेना. “मूळ कागद आणा” एवढंच उत्तर. मूळ कागद म्हणजे पंचनामा, आणि तो तहसीलला.

तहसीलच्या अभिलेख कक्षात मला विचारलं, आवक क्रमांक काय? तो असता तर मी कशाला आले असते? साल सांगितलं, महिना सांगितला, गाव सांगितलं. “गठ्ठे लावायचं काम चालू आहे, नंतर या.” नंतर गेले, तर ज्यांना माहिती होती ते रजेवर. त्यानंतर गेले, तर “हे संग्रहालयाचं प्रकरण आहे, त्यांच्याकडेच असेल.” दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि मी दर वेळी अर्धी रजा टाकून एसटीने जात होते. उद्धट कुणी बोललं नाही, हेही सांगायला हवं. पण गोड बोलून परत पाठवलेला माणूसही रिकाम्या हातानेच परत जातो.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्रात नियम तसाच आहे. ‘माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. कुठल्या कागदाची प्रत हवी, कुठल्या वर्षातली, ते स्पष्ट लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि मुदत संपायच्या आत पंचनाम्याची प्रत माझ्या हातात आली.

प्रत वाचली आणि घोळ कुठे झाला ते कळलं. पंचनाम्यात नुसतंच गावाचं नाव, पुढे खुर्द नाही की बुद्रुक नाही. संग्रहालयाकडे पाठवलेल्या पत्रात कुणीतरी बुद्रुक जोडलं. ते गाव मोठं, बाजाराचं, तेच डोळ्यासमोर आलं असणार. पंचनाम्यात गट क्रमांक होता. मला वाटलं, झालं काम. पण संग्रहालयातल्या बाबूंनी बरोबर बोट ठेवलं: “या क्रमांकाचा गट दोन्ही गावांत आहे, मॅडम.”

त्या दिवशी मी खरंच हताश झाले होते. घरी आल्यावर तो कागद आमच्या तात्यांपुढे ठेवला. पंचांमध्ये तात्यांची सही आहे. ऐंशीच्या घरातला माणूस, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाले, “अगं, चतुःसीमा बघ की. पूर्वेस नदी लिहिलंय. बुद्रुकला नदी मावळतीला. तिथं पूर्वेला नदी आणणार कुठनं?”

मग महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवरून दोन्ही गावांचे गट नकाशे काढले. बुद्रुकचा तो गट डांबरी रस्त्याजवळ, नदीपासून पार लांब. खुर्दचा गट नदीला लागून, नदी पूर्वेला, दक्षिणेला ओढा, अगदी पंचनाम्यात लिहिलंय तसा. खुर्दचा सातबारा, दोन्ही नकाशे, पंचनाम्याची प्रत आणि एक पानी अर्ज असं सगळं घेऊन या वेळी काउंटरवर न थांबता थेट सहायक अभिरक्षकांना, म्हणजे असिस्टंट क्युरेटरना, भेटले. त्यांनी नकाशावर बोट ठेवून चारही दिशा स्वतः पडताळल्या आणि तिथल्या तिथे सांगितलं की मूळ नोंद तशीच राहील, शेऱ्याच्या रकान्यात दुरुस्ती, आधाराचा कागद, तारीख आणि सही येईल. एवढी साधी पद्धत होती! ती पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर? पुढच्याच आठवड्यात वेबसाइटवर खुर्द आलं. मी ते पान तात्यांना मोबाइलवर दाखवलं, आणि मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

अर्जात वस्तूचा नोंदणी क्रमांक जरूर लिहा. खापराच्या आतल्या बाजूला तो बारीक अक्षरांत शाईने घातलेला असतो, वेबसाइटवरही असतो. ‘आमच्या गावची खापरं’ म्हणून कुणालाही काही सापडत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. माझा पहिला तोंडी पाठपुरावा सगळा वाया गेला.

वेबसाइटवर गट क्रमांकही टाकावा असं मला आधी वाटत होतं. सहायक अभिरक्षक म्हणाल्या, गाव आणि तालुका पुरे, नेमकी जागा उघड केली की रात्रीचे खोदणारे येतात. मला ते पटलं. तुम्हीही अशा जागेचे फोटो टाकताना नेमका ठिकाणा देऊ नका.

आणि शेतात काही निघालंच तर धुऊ-घासू नका, वाटून घेऊ नका. आहे तिथेच शेजारी पेन ठेवून फोटो काढा आणि तहसीलला लेखी कळवा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद गावची ब्राँझची हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ ही शिल्पं 1974 मध्ये तिथल्या एका स्थानिक शेतकऱ्यालाच सापडली होती. पंचनामा होईल तेव्हा गावाचं पूर्ण नाव, खुर्द-बुद्रुकसकट, लिहून घ्या आणि चारही दिशा वाचल्याशिवाय सही करू नका.

संग्रहालयाच्या दालनातल्या पाटीवर मात्र अजून बुद्रुकच आहे. पाट्या छापण्याचं काम वेगळ्या विभागाकडे असतं म्हणे. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं, मंगळवारी फोन करणार आहे.