दामरोहचं विमान बघायला जाताय? एजंटला पैसे देऊ नका

'गावातून चार तास, मळलेली वाट, विमान अख्खं दिसतं.' अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटला दामरोह गावची गाडी ठरवून देणाऱ्या एजंटने सांगितलेल्या या तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. रानात मुक्काम करावाच लागतो, वाट फक्त शिकाऱ्यांना कळते आणि अख्खं विमान तिथे नाही.

हे अमेरिकेचं बी-24 लिबरेटर जातीचं बॉम्बर विमान, नाव 'हॉट ॲज हेल'. 25 जानेवारी 1944 ला ते चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआला यायला निघालं. आत 8 जण होते. हवा इतकी वाईट होती की त्या दिवशी 'हंप'वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या हवाई मार्गावर, आणखीही विमानं पडली. हे आदळलं ते चबुआच्या उत्तरेला जवळपास 100 किलोमीटरवर, सियांगच्या डोंगरात. 2006 मध्ये क्लेटन कूल्स हा अमेरिकन गिर्यारोहक स्थानिक आदी जमातीच्या लोकांच्या मदतीने तिथवर पोचला, तेव्हा कुठे इतक्या वर्षांनी घरच्यांना पत्ता लागला.

दामरोहपर्यंत काही अडचण नाही. प्रश्न आहे तो शेवटच्या चढाचा. सह्याद्रीत कातळटप्पे केलेत म्हणून हेही जमेल असं धरून चालू नका. आपल्याकडे हिवाळ्यात कातळ कोरडा असतो, खोबणी सापडते. इथे शेवाळ, त्यावर कुजलेला पाला आणि बांबू इतका दाट की पायाखाली जमीन आहे की पोकळी, तेच दिसत नाही. धरलेला बांबू मुळासकट हातात येतो. उतरताना तर हाल विचारू नका. आमचे आदी सोबती दाव या लांब कोयत्याने पायऱ्या खोदत पुढे गेले म्हणून आम्ही धड परत आलो. दोर न्याच. पाऊस लागला तर तिथूनच मागे फिरा, कितीही जवळ आलेले असा. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आणि ज्यांनी ओझी वाहिली, वाट काढली, त्यांच्या हातात आम्ही एजंटला दिलेल्यातले निम्मेही पैसे पडले नव्हते. हे वर मुक्कामाला कळलं आणि फार राग आला. सरळ दामरोहला जा, गावबुऱ्याला, म्हणजे गावच्या मुखियाला, भेटा, रोजाचा दर आणि शिधा तिथेच ठरवा, पैसे माणसाच्या हातात द्या.

एजंटचा पोरगा वर म्हणाला, 'आठवण म्हणून पत्रा घेऊन जा.' अजिबात घेऊ नका. तिथली माती उकरूही नका. 2015 मध्ये अमेरिकी पथकाने इथे शोध घेतला, 2016 मध्ये सापडलेले मानवी अवशेष मायदेशी गेले आणि 2017 मध्ये त्यांतून रॉबर्ट ऑक्सफर्ड या तरुण अधिकाऱ्याची ओळख पटली. जॉर्जियात त्याच्या गावी त्याला मूठमाती मिळाली. ओळख पटवायला हाडाचा बारीक तुकडा, एखादा दातही पुरतो, पण तो नेमका कुठे सापडला हेही लागतं. पत्रा हलवला की तो माग पुसला जातो. काही दिसलं तर हात न लावता फोटो काढा, जागेची नोंद करा आणि प्रशासनाला कळवा.

गुडघे कच्चे असतील तर पासीघाटचं हंप संग्रहालय बघा आणि परत या. 2023 मध्ये उघडलंय, विमानांचे भाग तिथे नीट मांडलेत. वर जाणाऱ्यांनीही आधी तेच बघावं, म्हणजे झाडोऱ्यात पडलेला पत्रा कशाचा ते ओळखू येतं. अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, इनर लाइन परमिट, घरूनच ऑनलाइन काढा. जळवांसाठी मीठ आणि तंबाखू घ्या.