ऑपरेशन योजनेत झालं, पण मुंबईत राहायचं कुठं?

काकांच्या गालात गाठ निघाली आणि परभणीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, परळला टाटाला घेऊन जा. आपल्याकडं केशरी रेशनकार्ड आहे, महात्मा फुले योजनेत ऑपरेशनचा बराचसा खर्च सुटतो, रेल्वेतही कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपरचं तिकीट फुकट आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, त्यामुळं घरात सगळ्यांना वाटलं की निभावेल.

पण ऑपरेशननंतर रेडिएशन निघालं. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे, रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आणि तेवढ्यासाठी दीड महिना मुंबईत राहायचं. लॉजचं एका रात्रीचं भाडं ऐकून काकू काही बोललीच नाही, नुसती पदराला गाठ मारत बसली. रात्री चुलतभावाचा गावाकडून फोन, "दादा, बैलजोडी विकली तर किती येतील रे?" पेरणी तोंडावर आलेली आणि पोरगं बैल विकायचं बोलतंय.

माणूस आजारानं खचतो पण घर मोडतं ते या राहण्याखाण्याच्या खर्चानं, हे मला तेव्हा कळलं.

हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी कागद बघितले आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जायला सांगितलं. खोली लगेच नाही मिळाली, दोन दिवस थांबावं लागलं, पण मिळाली. भाडं अगदी नाममात्र, वर जेवण. गाडगेबाबा १९५६ ला गेले, त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या हे शाळेत वाचलं होतं, पण त्यांच्या नावाच्या छताखाली आपलाच माणूस झोपलेला बघताना आतून भरून येतं हो. परळलाच नाना पालकर स्मृती समिती आहे, १९६८ पासूनची, तिथंही बाहेरगावच्या पेशंटची सोय होते.

काकांना नाकातून नळी होती, त्यामुळं सगळं पातळ करून गाळून द्यायचं. शेजारच्या खोलीत जळगावकडची एक मावशी होती, तिनं पहिल्याच संध्याकाळी मिक्सर आणून दिला. भांड्यावर भलत्याच कुणाचं तरी नाव कोरलेलं. म्हणली, "माझा नाय, माझ्या आधी इथं होते त्यांनी ठेवलाय, तुमचं झालं की पुढच्याला द्या." काकू वरणाचं पाणी त्याच्यात फिरवायची, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, परत बघायची कण राहिला का, परत गाळायची. सहा आठवडे रोज पाच-सहा वेळा.

लोक मदत करतात ती बहुतेक ऑपरेशनला करतात, चेक देतात, ते चांगलंच आहे. पण मला विचाराल तर पहिले पैसे अशा जागांना द्यावेत जिथं माणसाला पाठ टेकायला मिळते. आणि द्यायच्या आधी फोन करून विचारा काय लागतंय, कधी चादरी लागतात, कधी मोठ्या माणसांचे डायपर.

बैल दावणीलाच आहेत, यंदाची पेरणी त्यांच्यावरच झाली. मिक्सर आम्ही निघताना बीडच्या एका पोराला दिला, वडिलांना घेऊन आला होता. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब येत्या सोमवारी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघतंय, त्यांना मी एवढंच सांगितलंय की केसपेपर काढला की लॉज शोधत बसू नका, त्याच दिवशी समाजसेवा विभागात जा.