शॉर्टफिल्म डायरी, आठवडा सहावा : मोटारीचा हम आणि पांढरी पाच

मागच्या वेळी लिहिलं होतं की एडिट लॉक झालंय, आता फक्त साउंड राहिलाय. ते "फक्त" परत घेतो. साडेनऊ मिनिटांच्या फिल्ममागे तीन रविवार गेले आणि मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवणं) अजून बाकीच आहे.

सोपं आधी उरकतो. मोबाईलच्या क्लिपा व्हेरिएबल फ्रेमरेटच्या (सेकंदाला फ्रेम कमी-जास्त होणाऱ्या) निघाल्या, त्यामुळे लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घ्यायला लागले. सगळ्या 25 एफपीएसला (सेकंदाला 25 फ्रेम) कॉन्स्टंट करून घेतल्या, रेकॉर्डरच्या फायली व्हिडिओला लागतात तशा 48 किलोहर्ट्झच्याच होत्या, मिटलं.

मग फोली, म्हणजे शॉटमधले आवाज नंतर वेगळे तयार करणं. काळ्या चिखलातून फिल्ममधले नाना चालतात त्या शॉटला माईकवर नुसता वारा होता. अमळनेरला घरी बादलीत माती कालवून पाहिली, पण ते पापड लाटल्यासारखं वाजत होतं. शेवटी आई लाकडी भांड्यात भरताची भाजलेली वांगी ठेचत होती ते हेडफोनमध्ये ऐकलं आणि उडालोच, चिखलातून पाय उपसल्याचा अस्सल आवाज! वीस मिनिटं माईक धरून बसलो, तर आई म्हणे, "आते खाशी का आयकतच बठशी?"

आता खरी भानगड. शेवटचा सीन असा की रात्री लाईट येते, विहिरीवरची मोटार सुरू होते आणि बऱ्याच वेळाने पाईपातून पाणी पडतं. रेकॉर्डिंगमध्ये दोन हम, म्हणजे विजेच्या सततच्या गुणगुणी, होत्या. एक लॅपटॉपच्या चार्जरचा, चार्जर काढला की गेला. दुसरा मोटारीचा, तो मी 50, 100, 150 हर्ट्झला नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) मारून मारून घालवला. हम गेला आणि त्याच्यासोबत सीनही मेला, म्हणून मी त्यावर पेटी आणि बासरी ओतली. मला वाटलं काय भारी झालंय! नानांना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "पानी उनं हाई कसं समजी रे भो, तू ते बँडच वाजाडी ऱ्हायना."

बरोबर होतं हो. ज्याच्या शेताला लाईट रात्री दोनला येते त्याच्यासाठी तो घूंऽऽ आवाजच गाणं आहे. सगळे फिल्टर काढले, बासरी उडवली. पेटीचा एक लांब सूर ठेवावा म्हटलं तर तो मोटारीशी भांडायला लागला. आपली लाईट 50 हर्ट्झची, पण प्रत्येक सायकलमध्ये मोटारीचं लोखंड दोनदा ओढलं जातं म्हणून गुणगुण 100 हर्ट्झला येते, आणि माझा सूर पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, खालच्या सप्तकात 98. दोन हर्ट्झच्या फरकाने सेकंदाला दोन हेलकावे, डोकं दुखतं ऐकून. लॅपटॉपमधली पेटी होती म्हणून 35 सेंट (शेजारच्या दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत 100 सेंट) वर चढवता आली, खरी पेटी असती तर बसलो असतो कानस घेऊन आतल्या पट्ट्या घासत. आता मोटार सुरू होते आणि पेटी तिच्यातूनच निघाल्यासारखी वाटते, पाणी पडायच्या आधी मात्र पेटीही बंद.

अडचण एवढीच की माझ्याकडच्या मोटारीच्या आवाजात नानांचा खोकला आहे, परत रेकॉर्ड करावी लागणार. पण या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे आणि दिवसा बांधावरून ट्रॅक्टर जातात. रात्रीची पाळी लागली की निघतो.